मायनर थ्रेटचा 'आउट ऑफ स्टेप' आणि आमची पाच गाणी

डोंबिवलीचा_बेस
नमस्कार. आमचा चौघांचा बँड आहे, रविवारी भाड्याच्या खोलीत तालीम करतो. पाच गाणी तयार आहेत, सगळ्यात मोठं दोन मिनिटांचं. एका कंपनीला पाठवली होती, आठ महिने झाले तरी होय नाही की नाही नाही. ड्रमर म्हणतो थांबू, मी म्हणतो आपणच काढू. त्याच्या मामेभावाने मायनर थ्रेट या अमेरिकन पंक बँडचा हा अल्बम पाठवला, "आधी हे ऐका, मग भांडा" म्हणाला. एकवीस मिनिटांत संपतो. निम्मे शब्द कळत नाहीत, पण 'बिट्रे' या पहिल्या गाण्यापासूनच अंगावर येतो. यातून आम्ही नेमकं काय घ्यायचं?

नलिनी_व
ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे. व्हर्जिनियात राहायचे तेव्हा जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळाली. कव्हरवर पांढऱ्या मेंढ्यांचा कळप आणि त्यांच्यापासून दूर उडी मारणारी एक काळी मेंढी. ते चित्र सिंथिया कॉनोलीचं, बँडच्याच मैत्रिणीचं.

पण तुमच्या भांडणाचं उत्तर या अल्बमच्या तीन वर्षं आधी सापडेल. मायनर थ्रेटचा गायक इयन मॅकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये 'टीन आयडल्स' नावाच्या बँडमध्ये होते. कार्यक्रमांचे पैसे कुणी खिशात घातले नाहीत, सिगारच्या डब्यात टाकत गेले. 1980 मध्ये बँड फुटला तेव्हा सहाशेच्या आसपास डॉलर निघाले. वाटून घेण्याऐवजी त्यांनी आठ गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली, एक हजार प्रती. मंडळाची शिल्लक पुढच्या वर्षाच्या मांडवाला लागावी, तसं. तिथून डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे त्यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी, उभं राहिलं. लग्नपत्रिकांना हळदकुंकू लावायला घरचे बसतात तशी मित्रमंडळी बसून कव्हरं कापायची, दुमडायची, चिकटवायची. करारपत्र नाही, आणि बँड फक्त आपल्या गावचे. आजही तसंच आहे.

'आउट ऑफ स्टेप' 1983 च्या जानेवारीत आर्लिंग्टनला डॉन झिएंटाराच्या इनर इअर स्टुडिओत रेकॉर्ड झाला. हा स्टुडिओ त्याच्या राहत्या घरातच होता. म्हणून सांगते, मोठ्या स्टुडिओसाठी अडून बसू नका.

शीर्षकगीत नीट ऐका. ते आधी 1981 मध्येही निघालं होतं. दारू-सिगारेट नको म्हणणारं गाणं, पण ऐकणाऱ्यांना तो हुकूम वाटू लागला. ओळींत 'मी' स्पष्ट हवा म्हणून नेल्सन अडून बसला. या अल्बमवर मॅकाय गाणं मध्येच थांबवून बोलतो, की हे नियम नाहीत. मला अख्ख्या रेकॉर्डमध्ये हीच जागा सर्वांत प्रिय आहे. ड्रमरशी वाद झाला म्हणून घाबरू नका, त्या वादातूनच गाणं सुधारलं.

सहावी_तार
गिटारवाल्याला सांगा, इथे दोन गिटार आहेत. ब्रायन बेकर बेस सोडून गिटारवर आला, स्टीव्ह हॅन्सगेनने बेस घेतला आणि लायल प्रेस्लर होताच. मायनर थ्रेटचीच 1981 ची गाणी लगेच नंतर लावा, आवाज किती भरला ते कळेल. आणि कव्हरवर नाव नसलेलं शेवटचं गाणं चुकवू नका.

डोंबिवलीचा_बेस
नलिनीताई, तुमचा प्रतिसाद तालमीत मोठ्याने वाचला. ड्रमर बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या आईचा फरसाणाचा रिकामा डबा घेऊन आला. या रविवारपासून प्रत्येकी दोनशे. शंभर कॅसेट काढायच्या ठरल्यात. फक्त कव्हरचं माप कुठून घ्यावं?

नलिनी_व
घरातली जुनी कॅसेट काढा, आतलं कव्हर उलगडून पुठ्ठ्यावर ठेवा आणि पेन्सिलीने कडेने रेघ मारा. डिस्कॉर्डवाल्यांनीही एका रेकॉर्डचं पाकीट उलगडून असाच साचा केला होता. एक कॅसेट माझ्यासाठी ठेवा, पैसे देऊनच घेईन.