बायबल कोणत्या क्रमाने वाचावं?

पानोपानी:
बायबल एकदा पूर्ण वाचायचं आहे. उत्पत्ती आणि निर्गमचा पूर्वार्ध सरसर जातो, पण निवासमंडपाच्या (देवासाठीच्या तंबूच्या) मोजमापांपाशी गाडी अडते, आणि पुढे लेवीय, म्हणजे विधिनियमांचं पुस्तक, आहेच. छापील क्रमानेच नेटाने जावं, कालक्रमाचा तक्ता घ्यावा, की आधी नवा करार, म्हणजे येशूपासूनचा भाग? रोज अर्धा तास देता येईल. वर्षभरात संपावं अशी इच्छा आहे, हट्ट नाही. प्रत प्रोटेस्टंट, ६६ पुस्तकांची.

बोरूबहाद्दर:
छापील क्रम काळाचा नाही, प्रकाराचा आहे: नियमशास्त्र, इतिहास, काव्य, संदेष्टे. त्यामुळे २ राजे (राजेचं दुसरं पुस्तक) संपवून यशया या संदेष्ट्यापर्यंत पोचेस्तोवर तो कोणत्या राजाशी बोलतोय हेच विसरायला होतं. पौलाची पत्रं तर ढोबळमानाने लांबीनुसार लावली आहेत, आधी मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेली, मग व्यक्तींना.

आधी लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये घ्या. दोन्ही थियफिल नावाच्या एकाला उद्देशून लिहिलेली, एकाच कथेचे दोन भाग, मिळून ५२ अध्याय. छापील क्रमात मधे योहान आल्याने हा सांधा तुटतो. मग जुन्या कराराचा कणा: उत्पत्ती, निर्गम, गणना, यहोशवा, शास्ते, शमुवेल व राजे यांची दोन-दोन, एज्रा, नहेम्या. हे २९६ अध्याय. रोज तीन धरले तर शंभरेक दिवस. कथा इथेच पुढे सरकते.

संदेष्टे त्या कण्याला जोडत जा. २ राजेच्या १४व्या अध्यायाला थांबून योना, आमोस, होशेय (योनाचं नाव तिथेच २५व्या वचनात आहे). १५ ते २० सोबत मीखा आणि यशया १–३९. त्यातले ३६–३९ बरेचसे २ राजे १८–२० मधलेच आहेत, दुसऱ्यांदा नुसती नजर फिरवली तरी चालेल. २२ पासून नहूम, सफन्या, हबक्कूक, यिर्मया. राजे संपलं, म्हणजे इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडलं, की विलापगीत, ओबद्या, यहेज्केल, दानीएल, मग यशया ४० पासून पुढे. एज्रा ५ ला हाग्गय आणि जखऱ्या, नहेम्यानंतर मलाखी. योएलात कोणत्याच राजाचं नाव नाही, तो कुठेही बसवा.

यिर्मयात मात्र सरळ काळ शोधू नका. अध्याय २१ सिद्कीया राजाच्या कारकिर्दीतला, तर २५ आणि ३६ त्याच्या आधीच्या यहोयाकीमच्या चौथ्या वर्षातले. पुस्तकच तसं आहे.

कंदील:
कणा पटला. पण तयार मिळणाऱ्या काटेकोर कालक्रमाच्या तक्त्यांपासून सावध. ईयोब अब्राहामाच्या काळातला असावा असं धरून ते त्याला उत्पत्तीच्या मधेच घुसवतात. दावीदाची स्तोत्रं शमुवेलमध्ये पेरतात, तीही बरीचशी अंदाजाने, कारण प्रसंग सांगणारे मथळे थोड्याच स्तोत्रांना आहेत. शिवाय चारही शुभवर्तमानांची (मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूच्या चरित्रांची) कापाकापी होते आणि मार्कची घाई, योहानाचे लांब संवाद वेगळे जाणवतच नाहीत. हिशेबही बघा: ११८९ पैकी ९२९ अध्याय जुन्या कराराचे. १ जानेवारीला निघालात तर येशूचा जन्म ऑक्टोबरच्या मध्यावर!

शुभवर्तमानं ओळीने नकोतच. मत्तय, मार्क, लूक यांत इतकं सामाईक आहे की तिसऱ्यापर्यंत डोळे नुसते घसरतात. दर तिमाहीला एक पुरे. ‘१ इतिहास’ आणि ‘२ इतिहास’ ही दोन पुस्तकंही राजेला चिकटवू नका. जुन्या कराराच्या अगदी शेवटी ठेवा, हिब्रू बायबलमध्ये ती तिथेच असतात. त्यांतले पहिले ९ अध्याय बहुतांशी वंशावळ्या आहेत, चाळले तरी अडत नाही.

पानोपानी:
लेवीय आणि ‘अनुवाद’ ही पुस्तकं कण्यात दिसत नाहीत. वगळायचे का? आणि स्तोत्रं?

बोरूबहाद्दर:
वगळायचे नाहीत, हलवायचे. अनुवाद म्हणजे मोशेची निरोपाची भाषणं, ती गणनेनंतर लगेच चालतील. लेवीय नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ यासोबत वाचा: आधी लेवीय १६, प्रायश्चित्ताचा दिवस, मग इब्री ९ आणि १०, मग लेवीय पहिल्यापासून. १ ते ७ मध्ये पाच प्रकारची अर्पणं दोनदा येतात, आधी अर्पण आणणाऱ्याच्या बाजूने, मग याजकाच्या. हे माहीत नसलं की उगाच पुनरुक्ती वाटते. निर्गमातही २५–३१ मध्ये सूचना आणि ३५–४० मध्ये त्यांबरहुकूम बांधणी. दुसरी खेप भरभर वाचा, पण मधले ३२–३४, सोन्याचं वासरू, सावकाश.

स्तोत्र रोज एक. ११९वं मात्र १७६ वचनांचं आहे. आठ-आठ वचनांची २२ कडवी, चार-पाच दिवसांत वाटून घ्या.

कंदील:
आठवड्याला सहा दिवस, रोज चार अध्याय, स्तोत्र त्या चारांतच धरून. ५२ आठवड्यांत १२४८ होतात, लागतात ११८९. म्हणजे सुट्टीचे वार सोडूनही १४ दिवस हाताशी राहतात. तक्त्यावर तारखा घालू नका, नुसत्या खुणेच्या चौकटी काढा. तारखा मागे पडल्या की थकलेले दहा-बारा अध्याय एका बैठकीत उरकायची वेळ येते, आणि बहुतेकांचं वाचन तिथेच बंद पडतं. यिर्मया-यहेज्केलचे अध्याय लांब आहेत. तिथे तीनवर या, छोट्या पत्रांत भरून काढा.