बक्षीसपत्राने घर दिलं, आता मुलगा बघत नाही. परत मिळतं का?

शेजारधर्म
आमच्या इमारतीतल्या आजी, वय 74. फ्लॅट नोंदणीकृत बक्षीसपत्राने मुलाला दिला. आता औषधपाणी बंद, वर ‘दुसरीकडे सोय बघ’ सुरू. दस्तात सांभाळायची अट आहे का, ते त्यांना आठवत नाही. फारसं चालवतही नाही. सुरुवात कुठून करायची?

दस्तवाचक
आधी दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. मूळ दस्त मुलाकडे असला तरी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त क्रमांक आणि साल देऊन मिळते. नुसत्या सूची-2 वर, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्यावर, थांबू नका, त्यात अटी नसतात.

ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 मधलं कलम 23 वाचा. ‘मूलभूत गरजा व सुविधा पुरवीन’ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर हस्तांतर रद्दबातल ठरवता येतं. नुसतं ‘प्रेम व आपुलकीपोटी’ लिहिलेलं असेल तर प्रकरण अवघड. मुलगा बघत नाही एवढ्यावर दस्त रद्द होत नाही, अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. पण जानेवारी 2025 च्या निकालात बक्षीसपत्रासोबत लिहून दिलेलं वेगळं वचनपत्र ग्राह्य धरलं गेलं. म्हणून घरातले कागद चाळा. त्या सुमाराचं हमीपत्र, चिठ्ठी, मोबाइलवरचे संदेश, जे सापडेल ते.

प्रांतकचेरी
महाराष्ट्रात अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे. तेच निर्वाह न्यायाधिकरणाचे प्रमुख. आजींना जमत नसेल तर त्यांनी लेखी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, त्यामुळे तुम्हीही चालाल.

बरेच अर्ज इथेच फसतात: चार पानं भांडण, मागणी एका ओळीची. मागण्या सुट्या मांडा: दस्त रद्द करणे, ताबा परत देणे, दरमहा निर्वाह भत्ता, आणि निकालापर्यंत अंतरिम भत्ता. ताब्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं, हेही 2025 च्याच निकालात आहे. अटीचा पुरावा तोकडा पडला तरी भत्त्याची मागणी स्वतंत्रपणे टिकते. कायद्यातली कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये, आजच्या औषधखर्चापुढे तुटपुंजीच. भत्त्याचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत अपेक्षित, फार तर आणखी 30. प्रत्यक्षात तारखा पडतात, पाठपुरावा सोडू नका. विरुद्ध निकाल लागला तर अपील 60 दिवसांत.

अर्जाची पोच मिळाली की एक प्रत सोसायटीच्या सचिवांना द्या. तो मनाई हुकूम नव्हे, पण फ्लॅट विकायला काढला तर घेणारा सावध होतो.

शेजारधर्म
आणि मध्येच बाहेर काढलं तर?

प्रांतकचेरी
लगेच पोलीस ठाणं. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणं हा कलम 24 खाली दखलपात्र गुन्हा आहे: 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

दस्तवाचक
ज्यांचा दस्त अजून व्हायचाय त्यांच्यासाठी. मुलाबाळांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, म्हणून लोक घाई करतात. मृत्युपत्र केलं तर हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर हा मजकूर घाला: ‘लिहून देणार यांना सदर मिळकतीत हयातभर राहण्याचा हक्क राहील. लिहून घेणार यांनी त्यांच्या अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचाराची तरतूद करावी, या अटीवर हे बक्षीसपत्र केले आहे. कसूर केल्यास ते रद्द होण्यास पात्र राहील.’