पालकाची टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी): सगळे डाग वर पळतात आणि मध्येच राखाडी डाग येतो

प्रयोगवही_ठाणे:
एस.वाय.च्या प्रॅक्टिकलसाठी पालकाची रंगद्रव्यं वेगळी करायची आहेत. जांभळी नाक्यावरचा ताजा पालक ५ ग्रॅम, १० मिली ॲसिटोनमध्ये खलून गाळला आणि तोच अर्क सिलिकाचा पातळ थर असलेल्या प्लेटवर लावला. प्लेटवर चढणारं सॉल्व्हंट म्हणजे पेट इथर (६०-८० अंशांना उकळणारं पेट्रोलियम इथर) आणि ॲसिटोन, ७:३. हिवाळ्यात याच कृतीने डाग सुटे आले होते. आता हिरवा फराटा थेट वर जातो, त्यात एक राखाडी डाग. आणि झँथोफिल (पिवळं रंगद्रव्य) पुस्तकात क्लोरोफिल ए च्या वर दाखवलंय, इथे पिवळे डाग सगळ्यात खाली. नेमकं काय चुकतंय?

सिलिका_साठ:
जुलै महिना चुकतोय! ठाण्याच्या या हवेत उघडी प्लेट ओल धरते. सिलिकाच्या ज्या जागा रंगद्रव्याला धरून ठेवतात त्या पाण्याने अडतात, मग सगळं वर पळतं. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, काढल्यावर लगेच वापरा. डेसिकेटरमधले ओल शोषणारे निळे खडे गुलाबी झाले असतील तर आधी तेच ओव्हनमध्ये टाका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. तरीही डाग वरच राहिले तर ॲसिटोन कमी करून ८:२ करा. नारिंगी-पिवळं कॅरोटीन मात्र टोकाशीच असणार, त्याच्या मागे लागू नका.

पुस्तकातला क्रम पेपर क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे कागदावरचा आहे. कागदावर झँथोफिल क्लोरोफिलच्या वर जातं, सिलिकावर क्लोरोफिल बी च्या खाली. तुमचे पिवळे डाग बरोबर जागी आहेत.

हिरवा_थर:
फराट्याचं दुसरं कारण अर्कातलं पाणी. पालकात नव्वद टक्के पाणी, म्हणजे ५ ग्रॅममधून साडेचार मिली पाणी तुमच्या १० मिली ॲसिटोनमध्ये आलं. पानं धुऊन टिपून घ्या, देठ-शिरा काढा, अर्क गाळून सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे करायच्या, तोटी असलेल्या नरसाळ्यात) घ्या. त्यात १० मिली पेट इथर आणि १० मिली दहा टक्के मिठाचं पाणी घाला. जोरात हलवलंत तर दुधाळ इमल्शन होतं आणि थर सुटता सुटत नाहीत. हलकेच फिरवा, मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडा. खालचा पाण्याचा थर सोडून द्या, वरचा हिरवा थर पाण्याने दोनदा धुवा. मग उरलेलं पाणी शोषायला निर्जल सोडियम सल्फेट घाला. त्याचे दाणे एकमेकांना चिकटेनासे झाले की अर्क कोरडा. फ्युम हुडमध्ये, कोमट पाण्यावर १ मिलीपर्यंत आटवा. जवळपास बर्नर नको.

राखाडी डाग फिओफायटिनचा, म्हणजे मॅग्नेशियम गेलेल्या क्लोरोफिलचा. पान खलताना पेशीतली आम्लं बाहेर येतात आणि क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम जातं. खलतानाच चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घाला. खात्री करायची तर थोड्या अर्कात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका, तो शेजारी लावा. दोन्हींचे राखाडी डाग एका रेषेत येतील. सिलिकाही किंचित आम्लधर्मी, त्यामुळे लावलेली प्लेट तासभर तशीच ठेवू नका.

सिलिका_साठ:
डाग दोन मिलिमीटरपेक्षा मोठा नको. केशनळीने टेकवा, वाळू द्या, पुन्हा त्याच जागी. प्लेट बाहेर काढली की आधी सॉल्व्हंट जिथवर चढलं ती रेघ, मग डाग, पेन्सिलने आखून घ्या. उजेडात रंग लवकर उडतात.

प्रयोगवही_ठाणे:
आभार. लाल माठावर हेच चालेल का? मुलांना लाल डाग दाखवायचा होता.

हिरवा_थर:
हिरवी-पिवळी रंगद्रव्यं मिळतील, लाल डाग नाही. माठाचा लाल रंग बीटासायनिनचा, तो पाण्यात विरघळतो, पेट इथरमध्ये नाही. फनेलमधला खालचा थर तेवढा ओतून देऊ नका, तो लाल दिसेल.