एकही खेळ न पडलेला एन्सेंबल स्टुडिओ बंद का झाला?

पायवाट

'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकावरच्या युद्धखेळांच्या मालिकेशी माझी ओळख २००१ च्या सुमारास घराजवळच्या सायबर कॅफेत झाली. तिथे चार संगणक एकमेकांना जोडलेले होते आणि आम्ही चौघे मित्र तासाचे पैसे वर्गणी काढून भरत असू. डाव ऐन रंगात आला की कधीकधी खेळ अचानक थांबे आणि खेळाडूंचे संगणक एकमेकांशी जुळत नसल्याचा संदेश पडद्यावर येई. कॅफेचे मालक वायर हलवून पाहत आणि आम्ही मुकाट्याने नवा डाव मांडत असू.

हा खेळ बनवणाऱ्या एन्सेंबल स्टुडिओजचा इतिहास मी सध्या वाचतो आहे. टेक्सासमधील डॅलस येथे सुरू झालेल्या या स्टुडिओचा एकही प्रमुख खेळ पडला नाही, तरीही मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये तो बंद केला. खेळांशी संबंध नसलेल्या मंडळींना पहिल्याच प्रयत्नात इतके यश कसे मिळाले आणि चालता स्टुडिओ बंद करण्याची वेळ का आली, हे मला जाणून घ्यायचे आहे. आमचा डाव मोडत असे तो खरोखर वायरमुळे का, हेही कोणी सांगितले तर बरे वाटेल.

कोकणकडा

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या स्टुडिओचे मोठेपण मला तिथेच दिसते. वायरमध्ये दोष असू शकतो, पण तशा संदेशामागे बहुतेक वेळा निराळे कारण असे.

पहिला 'एज' ज्या संगणकावर चालायला हवा होता तो ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम होता, त्यात १६ एमबी मेमरी होती आणि टेलिफोनच्या तारेवरून जोडणीसाठी सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाचा मोडेम होता. आठ जण एकाच वेळी खेळू शकतील हे उद्दिष्ट ठरलेले होते. प्रत्येक सैनिक कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे आणि किती जखमी आहे हे सतत पाठवत राहायचे म्हटले, तर त्या मोडेमवर साऱ्या डावात मिळून जेमतेम अडीचशे हलती माणसे मावली असती. म्हणून एन्सेंबलच्या प्रोग्रामरनी सैनिकांची माहिती पाठवायचीच नाही असे ठरवले. पाठवायची ती फक्त खेळाडूची आज्ञा, म्हणजे 'हे दहा धनुर्धर त्या टेकडीवर जावोत' एवढेच. पुढचा सारा डाव प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे, पण तंतोतंत सारखा चालवणार. त्यासाठी खेळाचा वेळ सुमारे २०० मिलिसेकंदांच्या फेऱ्यांमध्ये विभागला आणि या फेरीत दिलेली आज्ञा दोन फेऱ्यांनंतर सर्व संगणकांवर एकाच वेळी अमलात येईल अशी व्यवस्था केली. पाव सेकंदाचा उशीर खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि उशीर थोडा जास्त असला तरी तो एकसारखा असला म्हणजे हाताला त्याची सवय होते, हे त्यांनी माणसांना खेळायला बसवून पडताळले होते.

या पद्धतीत एक मोठी जोखीम होती. आठही संगणकांवरचे जग केसाइतकेही वेगळे होऊन चालत नसे. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या तिथल्याच दोन प्रोग्रामरनी पुढे लिहून ठेवले आहे की, नकाशा तयार होताना एखादे हरीण एका संगणकावर किंचित सरकलेले असे आणि त्यामुळे ते जरा निराळ्या जागी चरत जाई. काही मिनिटांनी त्याच्या मागावरचा गावकरी थोड्या वेगळ्या वाटेने जाई, त्याचा भाला चुके आणि तो मांस न घेताच परते. एका संगणकावर अन्नसाठा वाढलेला आणि दुसऱ्यावर तेवढाच राहिलेला, अशी दोन जगे झाली की खेळ थांबवण्याखेरीज इलाज नसे. तुमच्या कॅफेत नेमके काय घडले हे आज सांगता येणार नाही, पण मूळ असे एखाद्या हरणापाशीही असू शकेल.

आता सुरुवातीविषयी. टोनी गुडमन यांची 'एन्सेंबल कॉर्पोरेशन' ही कंपनी व्यवसायांना संगणकविषयक सल्ला देत असे. खेळ बनवण्याची इच्छा त्यांची स्वतःची होती आणि त्यांनी अँजेलो लॉडन यांच्यासारख्या आपल्याच सहकाऱ्यांना त्या कामाकडे वळवले. मात्र पहिल्याच प्रयत्नात यश मिळवणारी ही मंडळी खेळांच्या बाबतीत नवखी होती, हे मला मान्य नाही. पहिल्या 'एज'ची मुख्य रचना टोनींचे बंधू रिक यांनी केली, आणि गुडमन बंधूंना पटावरच्या खेळांच्या मंडळापासून ओळखणारे ब्रूस शेली त्यांच्याबरोबर आले. शेली यांनी त्याआधी खेळरचनाकार सिड मायर यांच्याबरोबर 'सिव्हिलायझेशन' या संगणकखेळावर काम केले होते. संस्कृतीची युगायुगांतून होणारी वाटचाल त्या खेळातून घेतली आणि ती त्या काळी गाजत असलेल्या, सर्वांनी एकाच वेळी चाली करण्याच्या युद्धखेळात बसवली.

वेताळटेकडी

कोकणकडा यांचा प्रतिसाद मनापासून आवडला. स्टुडिओ बंद का झाला याविषयी मी लिहितो.

एन्सेंबलमध्ये एक नियम होता: खेळ सर्वांनी खेळायचा. चित्रकार असो, ध्वनीचे काम करणारा असो की हिशेब पाहणारा, प्रत्येकाने तयार होत असलेला खेळ वारंवार खेळायचा, मत द्यायचे आणि ते मत ऐकून घेतले जायचे. नीट जमला नाही तर खेळ पुढे ढकलला जाई. 'एज ऑफ किंग्ज' हा मालिकेचा दुसरा भाग एका वर्षात पुरा करायचा बेत होता, त्याला दोन वर्षे लागली. मधली पोकळी भरायला १९९८ मध्ये 'राइज ऑफ रोम' हा पहिल्या खेळाचा विस्तार काढला आणि मुख्य खेळ १९९९ मध्ये आला. पहिल्या खेळात प्रत्येकाला पन्नास माणसांचीच मर्यादा होती, ती इथे दोनशेपर्यंत गेली. लोक आजही तो खेळ खेळतात याचे श्रेय मी त्या जादा वर्षाला देतो.

मात्र ही पद्धत महाग होती. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ विकत घेतल्यावर खर्चाचा हिशेब डॅलसमध्ये न होता मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात, रेडमंडमध्ये होऊ लागला. त्यानंतर २००२ मध्ये 'एज ऑफ मिथॉलॉजी' आणि २००५ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स ३' आला, आणि दोन्ही चालले. परंतु एन्सेंबलच्या लोकांना त्याच त्या वाटेवरून पुढे जायचे नव्हते. त्यांनी निरनिराळ्या प्रकारचे खेळ आखले आणि ते एकामागून एक मागे पडले. 'हेलो' या मायक्रोसॉफ्टच्या विज्ञानकथेवरील खेळमालिकेच्या विश्वावर आधारलेला, हजारो खेळाडूंनी एकत्र खेळायचा 'टायटन' हा त्यांतला सर्वांत मोठा प्रकल्प; त्यावर काही वर्षे काम झाल्यावर तोही रद्द झाला. ज्या प्रकल्पातून काही विकले जात नाही त्यावरही पगार द्यावेच लागतात, आणि असे प्रकल्प पुष्कळ झाले. 'एकही खेळ पडला नाही' हे पायवाट यांचे म्हणणे बाजारात आलेल्या खेळांपुरते खरे आहे. जे बाजारात आलेच नाहीत त्यांचा खर्चही स्टुडिओच्या नावावर चढत होता.

शेवटचा 'हेलो वॉर्स' मात्र पूर्ण झाला. त्याची सुरुवात 'हेलो'पासून झालेली नव्हती. माउसशिवाय, एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या खेळयंत्राच्या हातातल्या कंट्रोलरवर सैन्य कसे हाकायचे हा मूळ प्रश्न होता आणि तो सोडवायला त्यांनी बराच काळ आपल्याच जुन्या खेळावर प्रयोग केले. 'हेलो'चे नाव त्याला मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून नंतर मिळाले. सप्टेंबर २००८ मध्ये स्टुडिओतल्या लोकांना सांगण्यात आले की हा खेळ झाला की स्टुडिओ बंद होईल. आपली नोकरी जाणार हे ठाऊक असताना त्यांनी तो खेळ नीट पुरा केला. जानेवारी २००९ च्या अखेरीस स्टुडिओ बंद झाला, खेळ त्यानंतर दुकानांत आला आणि मार्चमध्येच त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. हा निर्णय आर्थिक कारणांनी घेतल्याचे कंपनीने म्हटले होते आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांत जमून आलेली माणसे पुन्हा तशी जमवता येत नाहीत, याची किंमत त्या हिशेबात धरली गेली नाही असे माझे ठाम मत आहे.

पायवाट

दोघांचेही आभार. हरणाची गोष्ट मी त्या तिन्ही मित्रांना आजच कळवतो. ही मंडळी पुढे कुठे गेली आणि मालिका जिवंत कशी राहिली, हे कोणी सांगू शकेल का?

शब्दवेडी

रिक गुडमन पहिल्या खेळानंतर थोड्याच काळात बाहेर पडले होते. त्यांच्या नव्या स्टुडिओचा 'एम्पायर अर्थ' २००१ मध्ये आला. स्टुडिओ बंद झाल्यावर डॅलसच्या परिसरातच रोबोट एंटरटेनमेंट आणि बॉनफायर हे दोन स्टुडिओ जुन्या सहकाऱ्यांनी उभे केले. त्यांपैकी रोबोटने 'एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन'चे काम सुरू केले आणि स्वतःचा 'ऑर्क्स मस्ट डाय' २०११ मध्ये आणला. वर कोकणकडा यांनी उल्लेख केलेले पॉल बेटनर यांनी भावाबरोबर न्यूटॉय ही कंपनी काढून 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' हा फोनवरचा शब्दखेळ केला. त्यात एकाने सकाळी शब्द लावावा आणि दुसऱ्याने रात्री सवडीने उत्तर द्यावे. दोघांनी एकाच क्षणी जोडलेले असण्याची गरजच नाही.

'एज'ची मालिका जगली ती खेळणाऱ्यांमुळे. दुसऱ्या भागाला मोकळ्या वेळात नव्या संस्कृती जोडणाऱ्या हौशी मंडळींनी आपल्या गटाला 'फॉरगॉटन एम्पायर्स' असे नाव दिले होते. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये जुना खेळ नव्या पडद्यांसाठी काढला तेव्हा याच गटाचे काम अधिकृत विस्तार म्हणून घेतले गेले, आणि २०१९ ची नवी आवृत्ती घडवण्यातही तोच गट पुढे होता. २०२२ मध्ये त्यांनी 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार आणला. त्याआधी साऱ्या भारताला मिळून एकच 'इंडियन्स' ही संस्कृती होती. आता हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार निराळ्या संस्कृती आहेत, आणि राजेंद्र चोळाची मोहीम खेळता येते. मी ती दोनदा पूर्ण केली आहे. तुमच्या तिन्ही मित्रांना कळवणारच आहात, तर चौघांनी मिळून एक डाव या नव्या आवृत्तीत जरूर मांडा.