कोलायटिस आटोक्यात, पण घराबाहेर पडायची भीती जात नाही

बुटीबोरीवाला: राम राम मंडळी. राहतो नागपूरला मानेवाड्यात, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. सुजेवरचं मेसालामाइन हे औषध चालू आहे, रक्त पडणं थांबलं, शौचाच्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिनही खाली आलं. डॉक्टर म्हणतात, "आता मस्त." पण कंपनीच्या बसमध्ये बसलो की माझं लक्ष वर्धा रोडवरच्या पेट्रोल पंपांवर, संडासाची सोय म्हणून. एक मागे पडला की पुढचा येईपर्यंत हाताला घाम. बॅगेत जादा पँट आणि काळी पन्नी असते, हे बायकोलाही माहीत नाही. मेहुण्याच्या लग्नात जेवलो नाही, तर सासरी चर्चा, "जावईबापू रुसले का?" तर्री-पोह्यांचं एक वेळ जाऊ द्या, पण सकाळी ठेल्यावर मित्रांसोबत उभं राहणंही सुटलं. हे आजारातच येतं, की मीच भित्रा झालो?

चहा_कमी_साखर: भित्रे कशाचे भाऊ! मला क्रोन्स आहे, तोही आतड्याच्या सुजेचाच आजार. आतडं आणि मेंदूचं बोलणं दोन्हीकडून चालतं, त्यामुळे या आजारांत चिंता, उदासी बऱ्याच जणांना गाठते. आतड्याच्या या आजारांसाठी आयबीडीक्यू नावाची 32 प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात पोटासोबत थकवा, मनःस्थिती, लोकांत मिसळणं हेही विचारतात. म्हणजे डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे हे. आणि स्टेरॉइड चालू आहे का? प्रेडनिसोलोनवर असताना मी रात्रभर टक्क जागी असायची, भाजी करपली तरी रडू यायचं. चालू असेल तर सांगा त्यांना, पण आपल्या मनानं बंद करू नका.

महालचे काका: टेन्शन नका घेऊ ना बाप्पा. बेलाचा मुरंबा खा, मन खंबीर ठेवा.

चहा_कमी_साखर: काका, "टेन्शन नका घेऊ" ऐकूनच अर्धं टेन्शन येते.

खापरी_लोकल: खापरीपर्यंत मेट्रोनं येऊन तिथून कंपनीची बस धरता येईल का पाहा. स्टेशनवर स्वच्छतागृह असते, मधेच उतरता येते. पण निव्वळ टाळत गेलं की भीती वाढते, हे मला समुपदेशकानं समजावलं. सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या उपचारात, थोडं थोडं बाहेर पडायचा सराव करवून घेतात. फार जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, मराठीत बोलता येते.

बुटीबोरीवाला: स्टेरॉइड कधीच बंद झालं. समुपदेशकाकडे जातो. तिथे आधी पोटाचं सांगायचं की भीतीचं?

खापरी_लोकल: भीतीचं. फाईल सोबत ठेवा, मागितली तर द्या.