शॉप ॲक्ट: ७ चे ११ कामगार होणार, दुपारी १ ते ४ बंद असलेल्या दुकानाचं वेळापत्रक कसं बसवायचं?

गल्ला_सांगली | १९ ऑगस्ट २०२४

कापड दुकान, सांगली. सध्या ७ कामगार, २०१९ ची ऑनलाइन पोच (फॉर्म जी) आहे. दसऱ्यापासून शेजारचा गाळा जोडून ४ जण वाढतील, ३ विक्रेते आणि १ हिशेबनीस. गल्ल्यावर मुलगा आणि भाऊ बसतात. मुलगा घरातच, भाऊ वेगळा राहतो आणि महिन्याला पगार घेतो.

वेळ ९.३० ते १ आणि ४ ते ९, सोमवारी बंद. आता सातही दिवस उघडं ठेवायचंय. जुनी पोच पुरेल का? आणि मधे ३ तास सुट्टीच असते म्हटल्यावर वेळेचा काही प्रश्न येऊ नये, बरोबर?

---

हजेरीपट | १९ ऑगस्ट २०२४

पोच पुरणार नाही. २०१७ चा कायदा (लागू १९ डिसेंबर २०१७) १० या आकड्यावर दोन भाग पाडतो. १० पेक्षा कमी असतील तर कलम ७ खाली नुसती सूचना, म्हणजे फॉर्म एफ भरायचा आणि फॉर्म जी पोच घ्यायची. नूतनीकरण नाही. १० किंवा जास्त असतील तर कलम ६ खाली रीतसर नोंदणी, अर्ज फॉर्म ए, प्रमाणपत्र फॉर्म बी, मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. खरा फरक कागदाचा नाहीच. १० च्या खाली या कायद्यातले कामाचे तास, रजा, ओव्हरटाइम ही कलमं तुम्हाला लागूच नव्हती. आता सगळी लागतील.

मोजणीत हिशेबनीस धरायचा, कारकुनी काम करणाराही 'कामगार'च. मुलगा आणि भाऊ कुटुंबातले, त्यांना वगळा. म्हणजे ११.

१० किंवा जास्त माणसांनी धंदा सुरू करणाऱ्याला अर्जासाठी ६० दिवस मिळतात. तुमची संख्या वाढतेय, तेव्हा ६० दिवसांवर विसंबू नका. दहावा माणूस हजेरीवर चढला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. फॉर्ममधली संख्या आणि हजेरीपटातली संख्या जुळली पाहिजे, तपासणीत पहिलं तेच बघतात.

दुकानाच्या पाटीचा फोटो अपलोड करावा लागतो. मार्च २०२२ पासून कलम ३६क आहे: पाटीची सुरुवात मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. इंग्रजी लोगो मोठा आणि कोपऱ्यात बारीक मराठी असल्या पाट्या इथेच अडकतात. हे ७ कामगारांच्या दुकानालाही लागू आहे. नव्या गाळ्याची पाटी रंगवायच्या आधी लक्षात घ्या, नंतर खर्च दुप्पट.

---

तासांचा_हिशेब | २० ऑगस्ट २०२४

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. कायद्यातला 'कुटुंबीय' म्हणजे मालकासोबत राहणारा आणि त्याच्यावर अवलंबून असणारा. मुलगा बसतो. वेगळी चूल असलेला, पगार घेणारा भाऊ बसत नाही. म्हणजे १२ धरा. देखरेखीच्या किंवा व्यवस्थापकीय पदावरचा म्हणून कुणाला वगळायचं असेल तर अशा पदांची यादी दुकानात लावावी लागते आणि तिची प्रत सुविधाकाराला द्यावी लागते. (कायद्यात आता 'सुविधाकार', बाजारपेठेत अजून शॉप इन्स्पेक्टरच.) नुसतं 'मॅनेजर' नाव देऊन माणूस यादीबाहेर जात नाही.

दुपारच्या सुट्टीबद्दल तुमचा समज उलटा आहे, ती सुट्टीच तुम्हाला अडचणीत आणते. मर्यादा चार आहेत आणि चारही एकाच वेळी पाळायच्या असतात:

– दिवसाला ९ तास काम
– आठवड्याला ४८ तास
– सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती
– स्प्रेडओव्हर, म्हणजे कामावर आल्यापासून शेवटचं सुटेपर्यंतचा एकूण वेळ, विश्रांती धरून साडेदहा तास

तुमचा माणूस ९.३० ला येतो, ९ ला सुटतो. काम साडेआठ तास, ते बसतं. आठवड्याला ८.५ × ६ = ५१, म्हणजे ३ तास ओव्हरटाइम. स्प्रेडओव्हर साडेअकरा तास, हा सरळ भंग. माणूस १ ते ४ घरी जाऊन झोपला तरी ते तीन तास यात मोजले जातात. दुपारी बंद ठेवणाऱ्या बहुतेक दुकानांचं गणित इथेच बिघडतं, कारण मालक फक्त कामाचे तास मोजतो.

उपाय दोन तुकड्यांचा.

पहिली तुकडी: ९.३० ते १, ४ ते ८. काम साडेसात तास, स्प्रेडओव्हर बरोबर साडेदहा.
दुसरी तुकडी: १०.३० ते १, ४ ते ९. काम साडेसात तास, स्प्रेडओव्हर साडेदहा.

आठवड्याला ४५ तास, ओव्हरटाइम शून्य. फक्त दुसऱ्या तुकडीचे संध्याकाळचे ५ तास अगदी काठावर आहेत. गिऱ्हाईक ९ नंतर रेंगाळलं तर सलग ५ तासांची मर्यादा मोडते. म्हणून ६.३० च्या सुमाराला आळीपाळीने अर्धा तास सोडा. दहा मिनिटांचा उभ्या उभ्या चहा विश्रांतीत धरला जात नाही.

सातही दिवस उघडं ठेवायला कायद्याची हरकत नाही. सोमवार बंद हा आता रिवाज. पण प्रत्येकाला आठवड्याला सलग २४ तास सुट्टी हवी. शनिवार-रविवार गर्दीचे सोडले तर पाच दिवसांत १२ जण ३, ३, २, २, २ असे वाटा आणि तक्ता भिंतीवर लावा. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत.

---

गल्ला_सांगली | २० ऑगस्ट २०२४

तुकड्यांचं पटलं. दिवाळीआधीचे दोन आठवडे दुपारी बंद करत नाही, ९.३० ते ९.३० सलग. तेव्हा सगळेच लागतात. ओव्हरटाइम किती आणि कसा काढायचा?

---

तासांचा_हिशेब | २१ ऑगस्ट २०२४

ओव्हरटाइम दिला म्हणून स्प्रेडओव्हर माफ होत नाही. १२ तासांपर्यंतची सवलत तातडीच्या किंवा अधूनमधून येणाऱ्या कामासाठी आहे. दरवर्षी कॅलेंडरवर छापून येणाऱ्या गर्दीला तातडी म्हणणं माझ्या मते टिकत नाही. इथेही तुकड्या करा: ९.३० ते ८ आणि ११ ते ९.३०, प्रत्येकीला जेवणाचा एक तास आणि संध्याकाळी अर्धा तास. ११ ते ८ सगळे हजर राहतात, खरी गर्दी त्यातच असते.

काम रोज ९ तास, सहा दिवसांचे ५४, म्हणजे आठवड्याला ६ तास ओव्हरटाइम, दोन आठवड्यांत १२. मर्यादा तीन महिन्यांत १२५ तास, तेव्हा भरपूर जागा आहे. दर दुप्पट. पगार १५,६०० धरला तर ÷ २६ = ६०० रोज, ÷ ८ = ७५ तासाला, दुप्पट १५०. १२ तासांचे माणशी १,८०० रुपये. ३० ने भागून ६५ चा दर काढू नका. किमान वेतनाचा रोजचा दर आपल्याकडे २६ ने भागूनच निघतो.

आणि दिवाळीच्या पाकिटात 'सगळं आलं' असं धरू नका. ओव्हरटाइम हजेरी-वेतन नोंदवहीत तासांसकट दिसला पाहिजे. पाकीट ही बक्षिशी.

बायका कामाला असतील तर त्यांना ९.३० ते ८ मधेच ठेवा. रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत त्यांची संमती लागते, सुरक्षा आणि घरी पोचवण्याची सोयही करावी लागते. दुकान ९.३० ला बंद झालं तरी थानांच्या घड्या १० पर्यंत चालतात, हे धरून चला.

---

हजेरीपट | २१ ऑगस्ट २०२४

भावाबद्दलची दुरुस्ती मान्य. रजेचं राहिलं होतं.

किरकोळ रजा वर्षाला ८, तिमाहीला २ जमा होतात, वर्षअखेर उरलेली बुडते. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, साठवण ४५ पर्यंत. २८० दिवस भरलेल्याला १४. सणाच्या सुट्ट्या ८: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकी चार वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी ठरवायच्या. त्या दिवशी काम घेतलं तर दुप्पट वेतन आणि वर बदली सुट्टी, दोन्ही. म्हणून पाडव्याला दुकान उघडणार असाल तर तो दिवस या चारांत घालण्याआधी विचार करा.

दंड १ लाखापर्यंत, पुन्हा सापडलात तर २ लाखांपर्यंत.

१० चा आकडा ग्रॅच्युइटीलाही लागतो, आणि तो जास्त चिवट. मागच्या १२ महिन्यांत एक दिवस जरी १० जण असले तरी तो कायदा लागू होतो, पुढे संख्या घटली तरी सुटत नाही. कागदावर ९ ठेवून दिवाळीला दोन पोरं घेणारे त्यात सापडतात.

---

फाईल_नंबर_सात | २७ ऑक्टोबर २०२५

धागा शोधात वर येतोय म्हणून लिहितो, वरचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेले बदल या महिन्यात अध्यादेशाने आले. कामगारसंख्येची रेषा १० वरून २०. दिवसाचे तास ९ ऐवजी १०, विश्रांती ५ ऐवजी ६ तासांनंतर, स्प्रेडओव्हर साडेदहा ऐवजी १२, तिमाही ओव्हरटाइम १२५ ऐवजी १४४. आठवड्याचे ४८ तसेच.

म्हणजे १२ कामगारांचं हे दुकान पुन्हा सूचनापत्राच्या गटात येतं, आणि वर म्हटलंय त्याप्रमाणे तासांची आणि रजेची कलमंच त्याला लागत नाहीत. मालकांना सोपं झालं; १० ते १९ च्या दुकानातल्या कामगाराकडून मात्र या कायद्यातल्या ८ किरकोळ रजा आणि ८ सणांच्या सुट्ट्यांचा हक्क निसटला. नेमणूकपत्रात किंवा करारात रजा आधीच लिहून दिल्या असतील तर त्या परस्पर काढता येत नाहीत.

मोकळं रान झालंय असंही नाही. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचं किमान वेतन एका कामगारालाही लागतं, परिमंडळाप्रमाणे, आणि विशेष भत्ता १ जानेवारी व १ जुलैला बदलतो. ग्रॅच्युइटीची रेषा १० वरच आहे. मराठी पाटी सगळ्यांना.