मदत हवी आहे: मॉडेल कारच्या क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) आलेली दुधाळ झाक

1:24 प्रमाणातील प्लास्टिक किटच्या बॉडीवर गडद निळा लॅकर रंग आणि पाण्यात भिजवून लावायचे डिकल (पातळ छापील चित्रे) बसवल्यानंतर एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या गनने) लॅकर क्लिअर कोट मारला, तेव्हा बॉनेटवर आणि छताच्या कडांना दुधाळ झाक आली. दारे मात्र स्वच्छ, चकचकीत आहेत. कोकणातला पावसाळा पाहता हा दमट हवेचाच परिणाम असावा. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला हवेतली ओल अडवणारा मॉइश्चर ट्रॅप आहे, बॉडी सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवून पाहिली, बारीक पॉलिशही फिरवले, पण झाक थराच्या आतच आहे. हे डिकल पुन्हा मिळणार नसल्याने रंग उतरवणे शक्य नाही. रिटार्डर (सुकणे मंदावणारे द्रव्य) मिसळलेल्या लॅकर थिनरचा हलका फवारा मारल्यास झाक जाईल का, आणि डिकलच्या कडा न विरघळता तो किती अंतरावरून व किती दाबाने मारावा?